उपसलेले पाणी

आपल्या घरात शिरलेले पाणी एखाद्याने उपसून रस्त्यावर टाकले, तर त्यात काही अधर्म घडतो काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. पाणी काही त्याने बोलावले नव्हते. ते आभाळातून पडले, जमिनीतून पाझरले आणि त्याच्या तळघरात येऊन उभे राहिले. घराचे रक्षण करणे हा गृहस्थाचा पहिला धर्म. आणि नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला, तू ते कोठे थुंकतोस, असे कोणी विचारीत नाही. तरीही जबलपुरात अधारतालच्या सखल भागात ज्याने दोन-चार पावसाळे काढले आहेत, त्याला या प्रश्नाची टोचणी ठाऊक असते. मध्यरात्री मुसळधार पावसात एखाद्या घराचा पंप घरघरू लागतो, त्याची नळी फाटकाबाहेर येऊन गल्लीत पाणी ओकू लागते, आणि उताराच्या बाजूच्या घरातील माणसे दिवा लावून आपल्या उंबऱ्याकडे पाहत बसतात. पंप चालविणारा जागा असतो आणि पाणी पाहणाराही जागा असतो. सकाळी दोघे एकमेकांना नमस्कार करतात. पण त्या नमस्कारात एक खटला चालू असतो, आणि त्याचा निकाल कधीच लागत नाही.

या खटल्याचे मूळ जमिनीत आहे. अधारताल हे नाव आज पत्त्यात लिहिले जाते. पण मुळात ते एका तळ्याचे नाव. गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची राणी दुर्गावती १५६४ साली मोगलांशी लढता लढता मरण पावली. तिचा दिवाण अधारसिंह याने हे तळे बांधविले, अशी परंपरा आहे. राणीने बांधविले ते राणीताल, आणि तिच्या दासीच्या नावाचे ते चेरीताल. राणी, दासी आणि दिवाण या तिघांचीही नावे एका नगरात तळ्यांच्या रूपाने मागे राहावीत, यात मला त्या काळाची एक प्रकारची लोकशाहीच दिसते. जबलपूरला लोक बावन्न तळ्यांचे नगर म्हणत. त्यांपैकी अनेक बुजली. चेरीताल ही आज वस्ती आहे. राणीतालच्या जागेत क्रीडासंकुल उभे आहे. अधारतालचे तळे अद्याप आहे, परंतु वस्ती त्याच्या अगदी अंगाशी येऊन बसली आहे. तळी गेली, ‘ताल’ हा प्रत्यय तेवढा मोहल्ल्यांच्या नावांत राहिला.

तळ्याची जागा म्हणजे आसमंतातील सर्वांत सखल जागा. चहूकडचा उतार तिच्याकडे धावतो. म्हणून तर तेथे तळे होते. त्यातही या भागातील जमीन काळी, चिकण. येथेच १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, आणि त्याच्या शेतांतून या जातीची माती पाहावयास मिळते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते आणि एकदा भिजली की पाणी खाली जाऊ देत नाही. अशा मातीवर विटांचे तुकडे, मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा यांचा भराव घालून तळ्याचा काठ माणसाळविला जातो. वर्षाला सुमारे तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक आषाढ ते भाद्रपदात. तो या पोकळ भरावातून सहज खाली उतरतो, तळाच्या चिकणमातीवर अडतो आणि तेथेच साचतो. वरून पाहणाऱ्याला तळे बुजलेले दिसते. वस्तुतः ते फरशीखाली भरलेले असते. अशा ठिकाणी कोणी तळघर खणले, तर त्याने तळघर खणले असे म्हणावयाचे ते केवळ भाषेच्या सोयीसाठी. त्याने विहीर खणलेली असते.

आपल्या पूर्वजांना जमिनीखालच्या जागेचे वावडे नव्हते. खेडेगावात धान्यासाठी पेव असे आणि जुन्या वाड्यांतून तळघरे असत. पण पेव खणणारा माणूस आधी जागा पाही. उंचवट्याची, कोरडी, पावसाळ्यात जिला ओल शिवत नाही अशी. आता जागा पाहण्याचा अधिकार माणसाकडे उरलेला नाही. वाटणीला जो तुकडा येईल तो घ्यावयाचा आणि त्यातून वर तीन मजले व खाली एक, असे जेवढे निघेल तेवढे काढावयाचे. मग खालच्या मजल्यात मोटारगाडी ठेवली जाते, दुकानाचा माल भरला जातो, क्वचित एखादे बिऱ्हाडही राहते. पावसाचा जोर झाला की भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून प्रथम एक काळसर रेघ उमटते. दुपारपर्यंत त्या रेघेचे डबके होते.

यावर यंत्रविद्येने दिलेला उपाय साधा व कौतुकास्पद आहे. तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात एक खड्डा ठेवावयाचा. सगळे पाणी आपोआप त्यात उतरते. त्यात पंप. पंपाला एक तरंगता गोळा जोडलेला. पाणी चढले की गोळा वर येतो, खटका लागतो, पाणी उपसले की गोळा खाली बसतो आणि पंप थांबतो. एक अश्वशक्तीचा पंप तासाला आठ-दहा हजार लिटर पाणी सहज बाहेर टाकतो. सर्व काही यथास्थित चालले तर घरधन्याला झोपेतून उठण्याचेही कारण नाही. पण ज्या रात्री पंपाची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच रात्री वीज जाते. गाळाने गोळा अडकतो. नळीत उलट वाहू न देणारी झडप बसविण्याची कंजुषी झालेली असली, तर पंप थांबताच गटारातले पाणी त्याच नळीने परत घरात येते. आणि फार घाईने उपसा केला, तर बाहेरच्या भिजलेल्या मातीचा दाब आतल्या रिकाम्या जागेवर येऊन भिंतीच तडकतात. पाण्याला बाहेर काढण्याची उतावीळ घराला महाग पडते, हे जाणते गवंडी सांगतातच.

परंतु पंप उत्तम चालला तरी माझा प्रश्न सुटत नाही. किंबहुना तो तेव्हाच उभा राहतो. पंप पाणी नाहीसे करीत नाही. तो ते एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. दुसरे ठिकाण कोणाचे, एवढाच काय तो प्रश्न.

शेजाऱ्याच्या पाण्याचे भांडण फार प्राचीन आहे. पागोळ्यांवरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वितुष्टे चालत आली आहेत. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात घरांच्या प्रकरणात या विषयाला जागा दिली आहे. घरातले पाणी वाहून नेणारा पाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून अमुक अंतरावर हवा, त्याला पुरेसा उतार हवा, आणि हे न पाळणाऱ्यास चौपन्न पण दंड, असे तो सांगतो. साम्राज्याचा विचार करणाऱ्या माणसाला मोरीचा विचार क्षुद्र वाटला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यात, जो आजही लागू आहे, वरच्या जमिनीच्या मालकाला एक नैसर्गिक हक्क मान्य केला गेला. त्याच्या जमिनीवर पडलेले वा तेथे उगवलेले पाणी, ठराविक प्रवाहात नसले तरी, नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहू दिले पाहिजे. खालच्याने ते सोसावयाचे. यात अन्याय नाही. उतार कोणी निर्माण केला नाही, आणि खालच्या जमिनीला त्याच पाण्याबरोबर गाळाचे सोनेही मिळत असते.

सारी मख्खी ‘नैसर्गिकपणे’ या एका शब्दात आहे. उताराने आलेल्या पाण्याला कर्ता नसतो. त्याचे दुःख होते, राग येत नाही. पंपाने आलेल्या पाण्याला मात्र कर्ता आहे. त्याने वेळ निवडली, नळीचे तोंड कोणत्या दिशेला असावे हे निवडले, आणि जे पाणी दहा दिवसांत झिरपत झिरपत खाली गेले असते ते एका रात्रीत पाठविले. खटका दाबण्याच्या त्या एका क्षणी नियतीचे रूपांतर कृतीत होते. खालच्या घरातील मनुष्याला हा फरक तर्कशास्त्र न शिकताही कळतो. पावसाने भिजलेली गादी तो मुकाट्याने वाळत घालतो. नळीच्या पाण्याने भिजलेली गादी वाळत घालताना तो वरच्या घराकडे पाहतो.

कोणी म्हणेल, खालच्यानेही पंप घ्यावा. घेतोच तो. मग त्याच्याही खालचा घेतो. एका गल्लीत पाच पंप चालू लागले की गटार काठोकाठ भरते आणि एक विलक्षण चक्र सुरू होते. पहिल्याने उपसलेले पाणी गटारातून दुसऱ्याच्या भिंतीला भिडते, दुसऱ्याने उपसलेले भरावातून झिरपून पुन्हा पहिल्याच्या फरशीखाली येते. तेच पाणी रात्रभर पाच घरे आळीपाळीने उपसत असतात आणि पाचही घरांची विजेची बिले वाढत असतात. कान्टने, आपले वर्तन सर्वांचा नियम झाले तर काय होईल हे पाहून त्याची परीक्षा करावी, असे सुचविले होते. ती परीक्षा अनेकांना फार अमूर्त वाटते. अधारतालच्या एखाद्या गल्लीत ती गुडघाभर पाण्यात उभे राहून देता येते.

पण एवढ्यावर थांबून पंपवाल्या गृहस्थाला दोषी ठरविणे मला न्याय्य वाटत नाही. त्यानेही काही म्हणावे असे आहे. तो म्हणेल, “तळे मी बुजविले नाही. मी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले तेव्हा येथे रस्ता होता, दिवे होते, कागदपत्रे होती. पाणी ज्याने विस्थापित केले तो कोण, हे आधी शोधा.” हे म्हणणे खोटे नाही. एक हेक्टराचे तळे मीटरभर भरले तर त्यात एक कोटी लिटर पाणी मावते. तेवढे पाणी उपसण्यास तासाला दहा हजार लिटरचे शंभर पंप दहा तास चालवावे लागतील. तळे बुजविणारा प्रत्येक गाडीभर मुरूम टाकताना तेवढ्या आकारमानाचे पाणी कोणाच्या तरी घरात ढकलीत असतो. मात्र त्या ढकलण्याचा आवाज होत नाही, आणि ढकलणे व शिरणे यांच्या मधे वीस-तीस वर्षे जातात. पंपाचा दोष एवढाच की तो घरघरतो.

आपली न्यायबुद्धी आवाजाच्या दिशेने वळते, याचे एक दारुण उदाहरण अलीकडे घडले. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जुन्या राजेंद्रनगर भागात एका शिकवणी-संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडून मेले. ज्या तळघराला मंजुरी वाहने आणि सामान ठेवण्यापुरती होती, तेथे वाचनालय चालत होते. पुढील दोन-तीन दिवसांत ज्यांना अटक झाली त्यांत त्या रस्त्याने पाण्यातून गाडी नेणारा एक वाटसरूही होता. त्याच्या गाडीने उठलेल्या लाटेने फाटक फुटले, असा आरोप होता. त्याला लवकरच जामीन मिळाला. लाट त्याची होती हे मान्य केले तरी रस्त्यावर लाट उठण्याइतके पाणी कोणाचे होते? बुजलेली गटारे, परवानगीवाचून बदललेले तळघर, कानाडोळा केलेले तपासणीचे कागद, या सर्वांना चेहरा नव्हता. गाडीला क्रमांक होता. शेवटचा धक्का देणारा सापडतो आणि पहिला निसटतो; अधारतालच्या गल्लीतील पंपवाला हा त्या वाटसरूचा भाऊच म्हणावयाचा.

पाणी साठविणारा आणि पाणी ढकलणारा यांच्यातला नैतिक भेद एकदा न्यायासनापुढेही आला होता. इंग्लंडात लँकेशायरमधील एका गिरणीवाल्याने बांधलेल्या तलावाचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. १८६८ साली तेथील सर्वोच्च न्यायासनाने ठरविले की, जो आपल्या सोयीसाठी असे पाणी आणून साठवितो, त्याने ते निसटल्यास नुकसान भरून दिले पाहिजे. हयगय झाली की नाही हा प्रश्नच नाही. पुढे आपल्याकडे दक्षिणेत कार्वेटिनगरच्या जमीनदाराची तळी अतिवृष्टीने फुटली आणि मद्रास रेल्वे कंपनीच्या मार्गाची हानी झाली. कंपनीने लँकेशायरचाच नियम पुढे केला. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो नाकारला. या देशातील तळी ही कोणा एकाच्या सोयीची वस्तू नव्हे, हजारो लोकांचे जीवन त्यांवर चालते, ती राखणे हे जमीनदाराचे परंपरेने आलेले कर्तव्य आहे. तेव्हा हयगय सिद्ध झाल्यावाचून तो जबाबदार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. साहेबांच्या न्यायासनालाही तळे म्हणजे काय हे कळले होते. अधारसिंहाच्या तळ्याने चहूकडच्या उतारांचे पाणी आपल्या पोटात घेतले आणि खालच्यांना वाचविले. आपण ती व्यवस्था उलटी केली आहे: घर माझे, पाणी तुमचे.

मग ज्याच्या तळघरात आज रात्री पाणी चढत आहे, त्याने काय करावे? पंप बंद ठेवून धर्म राखावा, असे सांगणारा मनुष्य बहुधा तिसऱ्या मजल्यावर राहत असला पाहिजे. आपल्या परंपरेत अशा प्रसंगासाठी आपद्धर्म हा शब्द आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात भुकेने व्याकुळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो, ही शांतिपर्वातील कथा वाचकांना ठाऊक असेलच. जीव वाचविण्यासाठी एरवी निषिद्ध ते त्या घटकेपुरते क्षम्य होते, असे तीत प्रतिपादन आहे. पंप चालविणे हा आपद्धर्म मानावयास माझी हरकत नाही. परंतु विश्वामित्राने दर वर्षी त्या झोपडीची वाट धरली असती, तर व्यासांनी ती कथा वेगळ्या पर्वात घातली असती! आपद्धर्माला संकटाचे अनपेक्षितपण लागते. जे संकट दर आषाढात पंचांग पाहून येते आणि ज्यासाठी वैशाखातच पंप तेल घालून ठेवलेला असतो, त्याला आपत्ती म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय. ती आपली राहण्याची पद्धत झाली; आणि पद्धतीला आपद्धर्माची सवलत मिळत नाही. तिने वैशाखातच शेजाऱ्याच्या दारी जाऊन बोलणे केले पाहिजे. नळी कोठपर्यंत न्यावयाची, नाल्यात जागा असेपर्यंत कोणी किती वेळ पंप चालवावा, सर्वांत खालच्या घराच्या उंबऱ्यापाशी पाणी आले की सगळ्यांनी थांबावयाचे की नाही, आणि त्या घराची हानी झाली तर तिचा भार कोणी उचलावयाचा, हे प्रश्न कोरड्या अंगणात बसून सोडवता येतात. गुडघाभर पाण्यात फक्त आरडाओरड होते.

मुंबईला एक सोय आहे. तिच्या पंपांपुढे समुद्र आहे. तेथे हाजी अली, लव्हग्रोव्ह इत्यादी ठिकाणची प्रचंड उदंचन केंद्रे पाणी उचलून समुद्रात टाकतात, आणि समुद्र कोणाच्या दारी तक्रार घेऊन जात नाही. पण त्या मुंबईनेही दादर-परळच्या हिंदमाता भागात केवळ पंपांवर न विसंबता मैदान आणि उद्यान यांच्या पोटात पाणी साठविण्याच्या भूमिगत टाक्या बांधल्या. पाऊस आणि भरती ओसरेपर्यंत पाणी तेथे थांबते, मग बाहेर सोडले जाते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर मुंबईने कोट्यवधी रुपये खर्चून तळे पुन्हा शोधून काढले. जबलपूरला समुद्र नाही, आणि तळ्याचा शोध लावण्याचीही गरज नाही.

किंबहुना पाणी थांबविणे आणि वेळेवर सोडणे ही कला याच जिल्ह्याची आहे. जबलपूर-नरसिंहपूरच्या काळ्या मातीच्या पट्ट्याला ‘हवेली’ म्हणत आणि तेथील शेतीच्या पद्धतीलाही तेच नाव पडले. शेताला चारी बाजूंनी मातीचे बांध घालीत. पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवीत. शेते म्हणजे चार महिन्यांची तळीच होत. आश्विनाच्या सुमारास, गव्हाहरभऱ्याच्या पेरणीआधी, बांध फोडून पाणी सोडीत, आणि ते एका शेतातून दुसऱ्यात असे उतरत उतरत नाल्याला मिळे. माती ओलाव्याने तृप्त, तण कुजून गेलेले, गव्हाला वेगळे पाणी देण्याची आवश्यकता क्वचितच. मात्र या पद्धतीत कोणाही एकाला मन मानेल तेव्हा आपला बांध फोडता येत नसे. वरच्याने अवेळी पाणी सोडले तर खालच्याची पेरणी बुडणार. खालच्याने वाट अडविली तर वरच्याचे शेत वापसा धरणार नाही. म्हणून कोणी केव्हा सोडावयाचे हे आपसांत ठरवावे लागे, आणि ते ठरत असे. पाणी येथेही वरून खालीच जाई; पण ते जाण्याच्या वेळेला खालच्याची संमती असे.

सोयाबीन आले आणि हे सारे मागे पडले. सोयाबीन खरिपाचे पीक. शेतात पाणी तुंबलेले त्याला चालत नाही. त्या पिकाचा प्रसार करण्यात अधारतालच्याच कृषी विश्वविद्यालयाचा वाटा होता, हा दैवयोग म्हणावा लागेल. शेतकऱ्याच्या हाती त्यामुळे चार पैसे आले, तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. बांध मोडले आणि शेतातले पाणी पावसाच्या दिवशीच नाल्याची वाट धरू लागले. हवेलीत वाढलेले काही वृद्ध शेतकरी अजून त्या भागात भेटतात. बांध फोडण्याचा दिवस कसा ठरत असे, असे त्यांना विचारावे, तर त्यांना त्या प्रश्नाचेच नवल वाटते. खालच्या शेतवाल्याला विचारल्यावाचून दुसरे कसे ठरणार, असे ते उलट विचारतात.